दहा वाजताची माणसे

आपल्याकडच्या फुलांची नावे ऐकली की वाटते, ही सारी मंडळी मोठ्या घराण्यांतली असावीत. कृष्णकमळ, रातराणी, शेवंती, सोनचाफा. नुसते नाव उच्चारले तरी बोलणाऱ्याच्या तोंडाला वास यावा! या खानदानी बैठकीत एक फूल मात्र कारकुनी नाव घेऊन दाराशी उभे आहे. त्याचे नाव 'ऑफिस टाइम'. देवाचे नाही, राणीचे नाही, वासाचे तर नाहीच. कारण वास म्हणावा असा त्याला नाहीच. त्याच्या वाट्याला आले ते थेट हजेरीपटावरचे नाव.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात ज्याचे आयुष्य गेले आहे, त्याला या फुलाची ओळख करून द्यायला नको. गॅलरीच्या कठड्यावर तेलाचा एखादा गंजका डबा, डब्यातून खाली लोंबणाऱ्या मांसल काड्या, काड्यांवर सुईसारखी पण गुबगुबीत पाने, आणि प्रत्येक काडीच्या शेंड्याला रेशमाच्या चिंधीसारखे एक फूल. राणी रंगाचे, पिवळे, केशरी, नाही तर पांढरे. सकाळी सातला पाहाल तर सगळा डबा हिरवा. ऊन चढले, नऊ-दहाचा सुमार झाला, की फुले उघडतात. दुपारी दोन-तीनपर्यंत मिटतात. आणि मिटले ते मिटलेच. उद्याची हजेरी उद्याच्या कळीने लावायची.

आता या नावातली मौज पाहा. ऑफिसच्या वेळेला उमलणारे हे फूल ऑफिसला जाणाऱ्या माणसाला कधीच दिसत नाही! १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, पुढल्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले, आणि तेव्हापासून या भागातला माणूस हळूहळू वेळापत्रकाच्या ताब्यात गेला. १९८४ ते २०१९ अशी पस्तीस वर्षे मी डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला जात होतो. घरून निघायचे सात पन्नासला, परतायचे साडेसातच्या पुढे. आमच्या सौ.ची नोकरी ठाण्यात, म्हणजे तिचा प्रवास निम्म्याहूनही कमी. पण तीही साडेआठला घराबाहेर. आम्ही दोघेही जाताना पाहायचो त्या कळ्या आणि परतल्यावर पाहायचो ती सुरकुतलेली चोळामोळा फुले. उमललेले फूल आमच्या नशिबी फक्त सुट्टीच्या दिवशी. आमच्यापुरते त्याचे नाव 'रविवार' असायला हवे होते.

मग सोमवार ते शनिवार ती फुले कोणासाठी उमलत होती? माझ्या आईसाठी.

आईचे सारे आयुष्य कल्याणला पारनाक्याजवळच्या एका वाड्यात गेले. १९८९ साली तो वाडा रिकामा करावा लागला आणि ती आमच्याकडे डोंबिवलीला दुसऱ्या मजल्यावर आली. अंगण सुटले आणि तीन फूट रुंदीची गॅलरी मिळाली. एक दिवस शेजारच्या काकूंनी तिला बोटभर लांबीची एक काडी दिली. "आई, ही नुसती खोचा. ऑफिस टाइम आहे." आईने ती काडी हातात घेतली, पान नखाने दाबले, देठ उलटसुलट करून पाहिला आणि निकाल दिला, "नाव काही का असेना, ही घोळीच्या घरातली आहे."

आमच्या सौ.ला हसू आले. कुठे ती बाजारात जुडीने मिळणारी घोळीची भाजी आणि कुठे हे शोभेचे झाड! पण आईने लहानपणापासून अंगणातल्या फरश्यांच्या फटीतली घोळ खुडलेली. तिची परीक्षा बोटांत होती. पुढे मी पुस्तके चाळली तेव्हा आढळले, की वनस्पतिशास्त्राचा निकालही हाच आहे. घोळ ती पोर्टुलाका ओलेरॅसिया, आणि ऑफिस टाइम ती पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा. आडनाव एक, नावे वेगळी. एकीची फुले बारीक, पिवळी, कुणाच्या लक्षातही न येणारी. दुसरीची मोठी आणि भडक. आईच्या शब्दांत सांगायचे तर, "खायची ती घोळ, पाहायची ती ही."

या झाडाची ओळख पटवण्याच्या आईच्या खुणा मी इथे लिहून ठेवतो, कारण त्या कोणत्याही पुस्तकातल्या खुणांइतक्या पक्क्या आहेत. पहिली खूण पान. ऑफिस टाइमचे पान गोल दंडासारखे, बोटांत फिरवता येते. घोळीचे चपटे, चमच्यासारखे. दुसरी खूण केस. ऑफिस टाइमच्या पानाच्या बेचक्यात पांढऱ्या लांब केसांचा झुपका असतो. घोळीच्या बेचक्यात शोधूनही असे केस सहज दिसत नाहीत. तिसरी खूण बोंड. फूल गळून गेले की आठ-पंधरा दिवसांत बारीक बोंड पिकते आणि त्याचे वरचे अर्धे झाकण अलगद सुटते, अगदी कुंकवाच्या करंड्यासारखे. आत खसखशीहूनही बारीक, पोलादी राखी रंगाचे बी. पोर्टुलाका या लॅटिन नावाचा संबंध 'लहानसे दार' अशा अर्थाच्या शब्दाशी लावतात, तो या झाकणामुळेच. आई त्याला करंडाच म्हणे. आणि शेवटची खूण सावधगिरीची. जमिनीवर पसरणारे, दिसायला घोळीसारखेच एक तण असते. काडी मोडून पाहावी, पांढरे दूध आले तर ती घोळ नव्हे. ती भाजीत जाता कामा नये.

आईच्या या परीक्षेला पुढे एकदा कसोटीही लागली. सौ.ने ठाण्याच्या एका नर्सरीतून 'पोर्टुलाका' अशी चिठ्ठी लावलेली कुंडी आणली. फुले अगदी ऑफिस टाइमची, पण पाने चपटी! सौ. म्हणाली, "आई, ही तुमची घोळच की मोठ्या फुलांची." आईने मान हलवली, तिने करंडा पिकण्याची वाट पाहिली. पंधरा दिवसांनी चष्मा चढवून ती म्हणाली, "याच्या करंड्याला झालर आहे. ही घोळ नव्हे आणि ऑफिस टाइमही नव्हे. ही तिसरी." खरोखरच ती तिसरी होती. पोर्टुलाका अंब्राटिकोला या अमेरिकन जातीच्या बोंडाभोवती पातळ कड्यासारखी झालर असते आणि तीच तिची खात्रीची खूण. रोपवाटिकांतून हल्ली चपट्या पानांची जी मोठ्या फुलांची झाडे विकतात, त्यांतली पुष्कळशी याच वंशातली. चिठ्ठीवर तिघींचे मिळून एकच नाव असते. निवाडा करंड्यानेच करायचा.

या फुलाला कुणी चिनी गुलाबही म्हणतात. ते ना चिनी, ना गुलाब. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिना आणि त्याच्या शेजारच्या प्रदेशांत. जॉन गिलीज नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टरला ते अर्जेंटिनात मेंदोसा प्रांताच्या रेताड जमिनीवर आढळले. जमिनीला जांभळट रंग चढावा आणि त्यात मधेमधे केशरी ठिपके दिसावेत, इतके ते पसरले होते. १८२९ साली विल्यम जॅक्सन हूकर यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे ते जगभर गेले. आणि गंमत अशी की जिथे जिथे गेले तिथे तिथे लोकांनी त्याच्या कपाळावर घड्याळाचा काटाच लिहिला. हिंदीत ते 'नौबजिया', मलय भाषेत 'नऊ वाजले', मल्याळमात 'दहा वाजताचे फूल', व्हिएतनामातही 'दहा वाजले', आणि इंग्रजीत कुठे कुठे 'अकरा वाजले'. लिनीअस या स्वीडिश पंडिताने १७५१ साली फुलांच्या उमलण्यामिटण्यावरून वेळ सांगणाऱ्या घड्याळाची कल्पना मांडली होती. त्या पंडिताचे नावही न ऐकलेल्या बायकांनी गॅलऱ्यांतून आणि परसांतून ते घड्याळ खरे करून दाखवले.

पण हे घड्याळ कोणत्या वेळेवर चालते? आमच्या भिंतीवरच्या नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ठरते ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून. डोंबिवली आहे त्र्याहत्तर अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आमचा सूर्य आमच्या घड्याळापेक्षा सुमारे ३८ मिनिटे उशिरा येतो. म्हणजे घड्याळात दहा वाजलेले असतात तेव्हा फुलाच्या लेखी सव्वानऊ-साडेनऊच झालेले असतात. प्रमाणवेळ १९०६ साली आली तेव्हा मुंबईने ती मुकाट्याने मानली नव्हती. ३९ मिनिटे मागे असलेली 'बॉम्बे टाइम' तिने १९५५ पर्यंत धरून ठेवली होती. माणसांनी अखेर हार मानली. ऑफिस टाइम मात्र अजून जुन्याच वेळेवर हजेरी लावते. तीही नुसत्या उजेडाला भुलून नव्हे. हवेत पुरेशी ऊब भरल्याखेरीज कळी हलत नाही. ढगाळ, गार दिवशी कितीही वाजोत, तिची रजा!

वाचकांपैकी कुणाला हे झाड लावायचे असेल तर त्याला फार विद्या लागत नाही. बोटभर काडी तोडावी, खालची पाने काढावीत, अर्धा दिवस सावलीत तिची जखम सुकू द्यावी आणि मग खोचावी. माती अर्धी आणि वाळू अर्धी. विटांचे बारीक तुकडे मिसळले तर उत्तम. डब्याच्या बुडाला भोके हवीतच. वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. खताचा लाड केला तर नुसती काडी वाढते आणि फूल रुसते. शेंडे खुडत राहावे. एका शेंड्याचे दोन होतात आणि प्रत्येक शेंडा फूल देतो. बी पेरायचे तर मातीवर नुसते भुरभुरावे, पुरू नये. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसू लागला तर तो पिठ्या ढेकूण समजावा आणि ओल्या फडक्याने पुसून काढावा. पावसाळा हा या झाडाचा काळ. आषाढाच्या पहिल्या झडीत डबेच्या डबे कुजून जातात. म्हणून आई मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक रंगाच्या तीन-तीन काड्या छपराखाली कोरड्या कुंडीत काढून ठेवी आणि नवरात्रात पुन्हा लावी. या सगळ्याच्या वर एक अट. रोजचे पाच-सहा तास सरळ ऊन. ही अट झाड कधी सोडत नाही. बाकी सर्व बाबतींत ते गरीब आहे, उन्हाच्या बाबतीत सरदार.

गरीब म्हणजे तरी किती? आईची ती घोळ घ्या. २०२२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले, की घोळ एकाच पानात दोन युक्त्या एकत्र वापरते. एक मक्याची आणि उसाची, कडक उन्हात भरभर अन्न तयार करण्याची. दुसरी निवडुंगाची, पाणी तुटले की रात्री हवा साठवून दिवसा दारे बंद ठेवण्याची. फरशीच्या फटीत वाढणाऱ्या भाजीला हे जमते! ऑफिस टाइमच्या अंगातही हे दोन्ही गुण आहेत. आणि तिच्या फुलांचा राणी रंग म्हणाल तर तो बीटच्या जातीचा; जास्वंदीच्या किंवा जांभळाच्या रंगाशी त्याचे नाते नाही.

मी मात्र हे सारे वाचूनच शिकत होतो. पाहणे चालले होते आईचे. रात्री जेवायला बसलो की ती आमटी वाढता वाढता बातमी द्यायची, "आज सव्वीस होती." कधी, "आज एकच. ढग होते." कधी एखादी विशेष बातमी असे. फुलाच्या मधल्या केसरांना काडीने हळूच शिवले तर ते शिवलेल्या बाजूला कलतात, हे तिने एका बारीक काळ्या माशीकडे पाहून शोधून काढले होते. मी घास घेत घेत "हं" म्हणायचो. गाडीत उभ्याने आलेल्या माणसाच्या "हं"मध्ये जेवढा रस असतो, तेवढा त्यात असे. ती तेवढ्यावर खूष होती, असे मला वाटे. रविवारी मात्र आम्ही दोघे गॅलरीत बसून मोजायचो, आणि माझा आकडा तिच्याहून नेहमी एक-दोनने कमी भरे. पानांखाली दडलेले फूल तिलाच दिसायचे.

तो आकडा ती कॅलेंडरवर लिहीत असे. दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, कुणाचे बारसे, आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने फुलांचा आकडा. ही वही तिने १९९४ पासून चालवली. वर्ष संपले की कॅलेंडर टाकायचे नाही, फडताळात भांड्यांखाली अंथरायचे, हा तिचा जुना शिरस्ता; म्हणून ती सारी पाने शाबूत राहिली.

२०११ साली आमच्या पूर्वेची दोन मजली चाळ पाडून तिथे उंच इमारत उभी राहू लागली. डोंबिवलीत ही काही बातमी नव्हे. हल्ली आकाश दिसते तेवढ्यात पाहून घ्यावे, असेच आम्ही म्हणतो. वर्षभरात आमच्या गॅलरीत पूर्वेचे ऊन येईनासे झाले. मला ते कळले ते एवढ्याने, की सकाळी दाढी करताना दिवा लावावा लागू लागला. रात्रीच्या बातम्या पूर्वीसारख्याच चालू होत्या. "आज चौदा." "आज एकोणीस." त्या फुलांना ऊन कुठून मिळते, हा प्रश्न सात पन्नासला घर सोडणाऱ्या माणसाला पडत नाही.

२०१६ च्या मार्गशीर्षात आई गेली. सत्त्याऐंशी वर्षांची होती. दिवस झाल्यावर सौ.ने फडताळ झाडायला घेतले आणि भांड्यांखालची ती कॅलेंडरे माझ्यासमोर आणून ठेवली. मी आकडे चाळू लागलो. १९९७ च्या मार्चमध्ये एका चौकटीत ४१ होते. तो त्या वहीतला सर्वांत मोठा आकडा. जून ते सप्टेंबर बहुतेक चौकटी रिकाम्या. २०१२ पासून मात्र आकड्याच्या शेजारी एक अक्षर दिसू लागले. 'ह'. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत जवळजवळ रोज 'ह'. मेच्या मध्यानंतर 'ह'ही नाही आणि आकडाही नाही.

मी काकूंना विचारले. त्या म्हणाल्या, "अरे, ह म्हणजे हलवले. त्या रोज डबे हलवायच्या ना! तुम्ही दोघे गेलात की एकेक डबा उचलून जिन्याच्या मधल्या कट्ट्यावर आणून ठेवायच्या. तिथे दक्षिणेच्या जाळीतून ऊन येतं. आणि दुपारी परत आत. सात डबे होते. सेक्रेटरी एकदा बोललेसुद्धा, जिन्यात सामान ठेवू नका म्हणून. तर त्यांना म्हणाल्या, सामान नाही हो, पाहुणे आहेत, दोनला जातील."

मग मला कॅलेंडर वाचता येऊ लागले. थंडीत सूर्य दक्षिणेकडून फिरतो, तेव्हा जिन्यात ऊन. आकडा आणि 'ह'. मेच्या मध्याला आमच्या गावी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि मग दोन-अडीच महिने उत्तरेकडे कलतो. तेव्हा त्या जाळीत ऊन नाही, फूल नाही, 'ह' नाही. माझ्या ऐंशी ओलांडलेल्या आईने जिन्याच्या एका कट्ट्यावर सूर्याचे अयन पेन्सिलीने मांडून ठेवले होते. सात डबे, दिवसातून दोनदा.

यात तिची दगदग दिसते, आणि ती होतीच. पण काकूंनी पुढे जे सांगितले ते मला त्याहून मोलाचे वाटते. गॅलरीत फुले होती तेव्हा ती आई एकटीच पाहायची. जिन्यात ती आली आणि त्यांना लोक मिळाले. कारण दहा वाजता आमच्या या गावात माणसे नसतात असे आपण ज्याला म्हणतो, ते खरे नव्हे. दहा वाजताची माणसे वेगळी असतात, एवढेच. धुणेभांडी करणाऱ्या बाया, टपाल आणणारा, सिलिंडर खांद्यावर घेऊन चढणारा, दुपारच्या शाळेची मुले, तिसऱ्या मजल्यावरची ओली बाळंतीण, गुडघे धरून उतरणारे पेन्शनर. एरवी हे सारे एकमेकांना ओलांडून जात. कट्ट्यावर फुले मांडल्यापासून ते थांबू लागले. आई पायरीवर बसलेली असे. "आज किती, आजी?" हा प्रश्न दिवसातून सात-आठदा तिला विचारला जाई. तो आकडा रात्री आमच्या पानावर वाढला जाण्याआधी साऱ्या जिन्याने ऐकलेला असे. आणि जो कुणी "छान आहे हो" म्हणेल त्याला ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून एक काडी देई. ज्या भिंतीने आमचे ऊन घेतले, तिने आईला सोबत दिली, असे मी म्हणणार नाही; भिंतीला तेवढे श्रेय नको. सोबत आईने मिळवली, डबे उचलून.

२०१९ ला मी निवृत्त झालो आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कामाच्या दिवशी सकाळी दहाला आमच्या गल्लीतून चाललो. सवय नव्हती, परक्या गावात आल्यासारखे वाटत होते. पहिल्याच वळणावर एका तळमजल्याच्या जाळीत राणी रंगाची फुले दिसली. पुढे किराणा दुकानाच्या पायरीवर तीच. स्टेशनच्या अलीकडे एका इस्त्रीवाल्याच्या टपरीवर पत्र्याच्या डब्यात तीच. नर्सरीची फुले हल्ली बहुधा दुहेरी, गुलाबासारखी भरगच्च पाकळ्यांची असतात. ही मात्र जुनी एकेरी, पाच पाकळ्यांची, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका असलेली. मी पाने बोटांत फिरवून पाहिली, बेचक्यातले केस पाहिले, करंडा पाहिला, झालर नव्हती. इस्त्रीवाल्याला विचारले, "कुठून आणलंत हे?" तो म्हणाला, "वो आजी ने दिया था. सेकंड फ्लोअर वाली."

बी पेरले तर उगवते ते मूल. रंग वेगळा निघतो, स्वभाव वेगळा निघतो. काडी लावली तर तसे नसते. काडी म्हणजे मूल नव्हे. तेच झाड, फक्त दुसऱ्या डब्यात. काकूंनी १९९० च्या सुमारास दिलेली ती बोटभर काडीच आजही इस्त्रीवाल्याच्या टपरीवर फुलते आहे. आईच्या हाताने लावलेले झाड म्हणून आम्ही घरात चार डबे जपले आहेत. पण गल्लीत ते किती ठिकाणी आहे याची मोजदाद मला अजून करता आलेली नाही. चालताना सुरुवात करतो आणि कुणी ना कुणी बोलायला थांबते. मग आकडा चुकतो.

आता आमचीही इमारत पाडायची ठरली आहे. सह्या झाल्या, करार झाला. दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात काढायची आहेत. परवा एका एजंटाबरोबर घरे पाहायला गेलो. त्याने पार्किंग दाखवले, लिफ्ट दाखवली, स्टेशन किती मिनिटांवर आहे ते सांगितले. मी विचारले, "सकाळी नऊ-दहाला ऊन कुठे येतं?" तो थोडा गोंधळला. म्हणाला, "काका, त्या वेळेला घरात असतं कोण?"

मी म्हटले, "म्हणूनच विचारतो."